बॉनेट का उघडलंस

१२ जानेवारी २०२५, लातूर

गाडी आज पुन्हा बंद पडली. रिंग रोडच्या पलीकडच्या कच्च्या रस्त्यावर, भर दुपारी. मी खाली उतरून ढकलत होते आणि बजरंग आत बसून "जरा डावीकडं घे, पुढं खड्डा हाय" असं मलाच सांगत होता. म्हणे मी नेव्हिगेटर, माझं काम रस्ता सांगायचं. मी म्हटलं, उतर खाली, नाहीतर तुलाच ढकलते. उतरला, पण हसत हसत.

ही वही त्यानंच आणून दिली. गाडीच्या तक्रारी लिहून ठेव म्हणाला, मेकॅनिक मल्लेशला सांगताना विसरतेस. गाडीच्या तक्रारी दोन ओळींत संपल्या: चढावर पेट्रोल पोचत नाही, पंप कुरकुर करतो. माझ्या तक्रारी काय संपायच्या नाहीत, म्हणून बाकीची पानं मी घेतली.

माझ्या ड्रायव्हिंग क्लासला येणाऱ्या बायका विचारतात, ताई, तुम्ही रॅलीत जाता म्हणजे कोणत्या पक्षाच्या? मग समजावून सांगावं लागतं. झेंड्याची नाही हो, गाड्यांची रॅली. कच्च्या रस्त्यावर एकेक गाडी सोडतात, जिला कमी वेळ लागेल ती जिंकली. मी चालवते, नवरा शेजारी बसून पुढचं वळण वाचून सांगतो. यावर एकजण म्हणाली, म्हणजे नवरा सांगतो तसं तुम्ही करता. मी म्हटलं, फक्त तिथंच.

बजरंग मोजणी खात्यात आहे. दिवसभर लोकांच्या शेताचे बांध मोजतो, त्यामुळं रस्त्याचं वळण त्याला नजरेनंच कळतं. गाडीत मी त्याला तू म्हणते, कारण "अहो, डावीकडं का हो" म्हणेपर्यंत गाडी नाल्यात जाईल. घरी आत्याबाईंसमोर अहो. हेल्मेट घातलं की तू, काढलं की अहो, असं आमचं ठरलेलं आहे.

१९ जानेवारी, मुरुड

आत्याबाईंच्या शेतात गाडी पळवून बघितली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, केवळाबाई. मुरुडच्या बाहेर शेतातच राहतात, एकट्या. लातूरला या म्हटलं की म्हणतात, तुमच्या घरात मला दिशा कळत न्हाई.

गाडी धुरळा उडवत फिरली की त्या बांधावर उभ्या राहून बघतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी शर्यतीत उतरले तेव्हा भावकीत लई बोलणं झालं होतं. सून गाडी उडवती, शोभतं का, वगैरे. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी सून हाय, मला शोभती. तुमचं काय दुखतंय?" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी काहीही करीन. माझी आई लहानपणीच गेली, हे त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही.

आज मात्र त्यांचं एकच चालू होतं. मागच्या रॅलीत माहूरच्या देवीचा लाल कपडा त्यांनी गाडीच्या आरशाला बांधला होता. तपासणी करणाऱ्या माणसानं तो काढायला लावला, गाडीत सुटी वस्तू चालत नाही म्हणून. त्याच दिवशी आमचा ॲक्सल तुटला. आत्याबाईंच्या हिशेबानं ॲक्सल त्या माणसानंच तोडला.

"औंदा कुठं बांधू ते सांग. त्या मेल्याला दिसणार न्हाई असं."

मी म्हटलं, आत्याबाई, नियम आहे, कुठंच नाही. बजरंग त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बघू आई, काढू काहीतरी." त्याला आईला नाही म्हणता येत नाही. ते काम माझ्यावर सोडून देतो आणि स्वतः गोड राहतो.

येताना त्यानं सांगितलं, पुनम, आईला पुढच्या रॅलीची तारीख कळवू नको, उगीच उपास धरते. मी म्हटलं, मघाशीच सांगितली. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," म्हणाला. हे तो महिन्यातून दोनदा म्हणतो.

२ फेब्रुवारी, उदगीर

माहेरी आले म्हणजे मल्लेशच्या गॅरेजात आले. मल्लेश माझ्या शाळेतला. माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर त्याच्या वडिलांनी आणि माझी गाडी त्यानं दुरुस्त करायची, असं पिढ्यांचं चाललंय. नवा पंप बसवला, पेट्रोलचा रबरी पाइप बदलला. मला तरी पेट्रोलचा बारीक वास येत होता. तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो वैतागला.

"ताई, बिनघोर राहा. क्लिप दोन्हीकडून आवळलीय. तुम्ही तर सासूबाईपेक्षा जास्त बोलून राहिल्या."

"मग ऐकत जा. सासूबाई कमी बोलतात म्हणून कोणी ऐकत नाही."

बजरंग खुर्चीत बसून चहा पीत होता. म्हणाला, मल्लेश, तू फक्त मान हलव, मी सात वर्षं तेच करतोय.

७ फेब्रुवारी, नांदेड

विष्णुपुरीला मैदानावर तपासणी झाली. पास. कोणीतरी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली होती, ती काढायला लावली. मी बांधली नव्हती, मल्लेश शपथ घेतो, बजरंग आभाळाकडं बघत होता. आत्याबाईंचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं की लिंबू काढलं. सांगायला नको होतं. त्यांचा आवाजच उतरला. म्हणाल्या, "बरं. परवा मुरुडला येताव ना, मी येते मैदानावर."

संध्याकाळी नव्या पोरापोरींना आग विझवायचं शिकवायला बजरंगला बोलावलं. दर रॅलीला तोच शिकवतो, आवाज शांत आहे म्हणून. इंजिनमधून धूर आला तर काय करायचं? गाडी थांबवा, बटण बंद करा, बाहेर पडा. नेव्हिगेटरनं लाल त्रिकोण घेऊन मागं पळायचं, मागच्या गाडीला थांबवायला. चालकानं नळकांडं घेऊन बॉनेटच्या फटीतून फवारा मारायचा. "आणि बॉनेट उघडायचं नाही. काहीही झालं तरी नाही. उघडलं की हवा लागते, जाळ तोंडावर येतो." एकानं विचारलं, थोडंसं उघडलं तर? बजरंग म्हणाला, थोडंसं तोंड भाजेल.

सगळे हसले. मीपण हसले.

८ फेब्रुवारी, नांदेड

पहिला दिवस संपला. आम्ही तिसरे आहोत.

दुसऱ्या टप्प्यात चढावर गाडी गचके खाऊ लागली. बजरंगनं वळणं सांगायचं थांबवलं नाही, फक्त मध्येच म्हणाला, "उजवी तीन, पुढं बांध, शिव्या मनात दे." कसंबसं आणलं. मैदानावर मल्लेशनं पाइप काढून पाहिला, आत रबराचा एक तुकडा अडकला होता. पुन्हा नवा पाइप, पुन्हा क्लिप. मी डोक्यावर उभी राहून बोलत होते. तो एकदाही उलट बोलला नाही, घाईत होता.

उद्या मुरुडकडचे रस्ते, आमच्या घरचे. बजरंगला तिथला प्रत्येक नाला माहीत आहे, लहानपणी त्यात पडलाय. उद्या पहिला नंबर आणायचा आणि आत्याबाईंच्या हातात कप द्यायचा, असं ठरवलं. मग मी म्हटलं, कप मिळाला तर आता बास. क्लास वाढवू, घराला वरचा मजला घेऊ, आत्याबाईंना आणू. तो म्हणाला, "हाव." त्याच्या एका हाव मध्ये हो, बघू, तू म्हणशील तसं, सगळं असतं.

११ फेब्रुवारी, लातूर, दवाखाना

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

परवा सकाळी पहिला टप्पा छान झाला. मग मुरुडच्या मैदानावर थांबा. आत्याबाई धपाटे आणि दही घेऊन आल्या होत्या, ज्वारीचं पीठ अजून पदराला लागलेलं. मल्लेश मागच्या चाकापाशी आडवा पडून बोल्ट आवळत होता. मी धपाटं खात ओरडत होते, कोणीतरी खाऊन घ्या. मायलेक बॉनेटपाशी उभे होते. बजरंग आत वाकून आईला काहीतरी दाखवत होता, बोट लावून, इथं नको तिथं असं. मला वाटलं इंजिन समजावतोय. आत्याबाई इतक्या खूश दिसत होत्या की मला त्याचा हेवा वाटला. मग वेळ संपल्याची शिट्टी झाली, मल्लेशनं येऊन धाडकन बॉनेट लावलं, आम्ही धावत बसलो. बेल्ट लावताना बजरंग म्हणाला, "अरे, एक मिनिट." मी म्हटलं, मिनिट नाही, चल. आणि गाडी काढली.

त्या टप्प्यात बांधावरून गाडी उडाली, आपटली, पुन्हा उडाली. थोड्या वेळानं वास आला. पेट्रोलचा नव्हे, क्लचचाही नव्हे. गोडसर, करपलेला, ओळखीचा. सणाच्या दिवशी घरात येतो तसा. मी विचारलं, कसला रे वास? बजरंग एक वळण सांगायचं चुकला. सात वर्षांत पहिल्यांदा. मग एकदम म्हणाला, "थांबव. पुनम, थांबव."

बॉनेटच्या कडेनं धूर येत होता. आम्ही उतरलो. मी नळकांडं घ्यायला हात घातला तर त्यानं ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि म्हणाला, त्रिकोण तू घेऊन जा. मी म्हटलं, त्रिकोण तुझा. तो ओरडला, "जा म्हणतो ना." माझ्यावर तो कधी ओरडत नाही, म्हणून मी पळाले. वळणावर पोचून मागं बघितलं. हेल्मेट काढलेलं, हातात मोजे नाहीत, कारण वळणांच्या वहीची पानं उलटायला तो मोजे घालत नाही. आणि त्यानं बॉनेट उघडलं.

फवारा मारला नाही आधी. उघडलं आणि हात आत घातला. मग जाळच दिसला.

मागच्या गाडीच्या लोकांनी विझवलं. अंगातला न पेटणारा सूट शाबूत आहे. चेहरा, हात आणि आतला घसा भाजलाय. डॉक्टर म्हणतात, आतलं भाजणं वाईट. पहिल्या संध्याकाळी थोडं बोलत होता, मी सह्या करायला आणि कपडे आणायला गेले तेव्हा मल्लेश बसला होता जवळ. मी परत येईपर्यंत घशात नळी घातली होती. आता बोलता येत नाही.

बॉनेट का उघडलं त्यानं? जगाला शिकवणारा माणूस. का उघडलं?

१३ फेब्रुवारी

मल्लेश रोज येतो, व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहतो. आज मी त्याला धरलं. मी तीनदा सांगितलं होतं की नाही पेट्रोलचा वास येतोय? आदल्या दिवशी घाईत पाइप बसवलास, क्लिप आवळलीस का नीट? तो खाली बघत राहिला.

"माझंच चुकलं ताई," म्हणाला. "क्लिप ढिली राहिली असंल."

असंल म्हणे. मी सगळ्या व्हरांड्यासमोर त्याला म्हटलं, तू माझ्या नवऱ्याला जाळलंस. आणखीही बोलले. आत्याबाई उठून आल्या आणि त्यांनी त्याला शाप दिला. तुझ्या घरात दिवा लागू नये म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. तो निघून गेला. जाताना दारातून बजरंगकडं बघून घेतलं त्यानं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, चार दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

दिवसातून थोडा वेळ आत सोडतात. त्याचे हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेत, चेहऱ्यात फक्त डोळे. मी त्याच्या कानाशी बोलत होते. हेल्मेट नव्हतं तरी तू म्हटलं, आत्याबाई मागं उभ्या होत्या तरी. त्या उलट आणखी मागं सरकल्या.

मी सांगितलं, तू काळजी करू नको, मल्लेशनं कबूल केलंय. आयोजकांचा फोन आला होता, मी लेखी देणार आहे की चूक त्याची. त्याला पुन्हा कोणाच्या गाडीला हात लावू देणार नाही.

बजरंगनं उजवा हात उचलला. तसा जड हात, तरी उचलला आणि डावी-उजवीकडं हलवला. पुन्हा हलवला. डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं दुखतंय फार, म्हणून मी सिस्टरला हाक मारली. तिनं इंजेक्शन दिलं, तो झोपला.

झोपायच्या आधी विचारलं होतं, बॉनेट का उघडलंस? त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं, आईकडं. मग डोळे मिटले.

१७ फेब्रुवारी

बजरंग गेला. सकाळी.

२ मार्च, लातूर

तेरावा झाला. माणसं आली, गेली. आत्याबाईंना मी मुरुडला जाऊ दिलं नाही, त्यांनीही हट्ट केला नाही. ज्या घरात त्यांना दिशा कळत नव्हती तिथं आता त्या दिवसभर बजरंगच्या खोलीच्या दाराशी बसतात. आम्ही दोघीच. मूलबाळ नाही, तो विषय नकोच.

सकाळी मी भाकरी थापते, त्या भाजतात. काल त्यांनी तीन ताटं वाढली. तिसरं ताट कोणी उचलायचं हे आम्हाला कळेना, ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. रात्री माझ्या डोक्याला तेल लावतात. म्हणतात, "आता तूच माझा ल्योक." मी रडते, त्या रडत नाहीत. फक्त सकाळ-संध्याकाळ दिवा लावताना मल्लेशचं नाव घेऊन शाप देतात. मीपण शेजारी बसून हात जोडते.

माझा क्लास बंद आहे. उदगीरहून वडिलांचा फोन आला, मल्लेशच्या गॅरेजात आता कोणी गाडी नेत नाही म्हणे, सगळीकडं झालंय की त्याच्या हातून माणूस गेला. मी म्हटलं, झालंच पाहिजे. वडिलांनी फोन ठेवला.

लेखी द्यायचं अजून राहिलंय. कागद समोर घेतला की तो हलवलेला हात आठवतो आणि लिहिणं पुढं ढकलते.

१३ मार्च, होळी

आमच्या घरात होळी नाही. पण गल्लीत पेटवली, दार लावून घेतलं तरी उजेड आत आला. मला जाळ बघवत नाही, आत स्वयंपाकघरात जाऊन बसले. थोड्या वेळानं शेजारच्या मनिषावहिनींनी दार वाजवलं. होळीत भाजलेल्या नारळाचा प्रसाद, पानावर. म्हणाल्या, तुम्ही खाऊ नका हवं तर, पण देवाचं आहे, नाही म्हणू नका.

पान हातात घेतलं आणि वास आला. भाजलेलं, करपलेलं खोबरं. तोच.

मी खालीच बसले. आत्याबाईंना वाटलं चक्कर आली, पाणी घेऊन धावल्या. मी विचारलं, "आत्याबाई, मुरुडच्या मैदानावर तुम्ही गाडीत काय ठेवलं?" आवाज माझा नव्हताच.

त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग माझ्याजवळ बसल्या, पदरानं माझं तोंड पुसलं.

"तुला कळलं व्हय? रागावू नको, बाई. देवीचा खण हुता माहूरचा, त्यात खोबऱ्याची वाटी बांधली हुती. अख्खा नारळ मावंना. बजरंग न्हाई न्हाई म्हनत हुता. मग म्हनला, बांध, तुझं मन ऱ्हाऊ दे. त्यानंच जागा दावली, कुनाला दिसनार न्हाई असी. मी बांधली." मग माझे दोन्ही हात धरले. "म्या बांधली म्हनून तू तरी ऱ्हायलीस, पुनम. न्हाईतर त्या मल्लेशनं दोघांस्नी जाळलं असतं. तेवढंच देवीनं माझं ऐकलं."

रोज त्या याच आधारावर उठतात, हे मला आज कळलं.

बजरंगनं त्यांचं मन राखायला बांधू दिलं होतं. निघायच्या आधी काढून घेणार होता. "अरे, एक मिनिट." मी दिलं नाही त्याला मिनिट. गाडी आपटताना खण इंजिनच्या तापल्या नळीवर सरकला असणार आणि आतलं तेलकट खोबरं पेटलं. वास आल्याबरोबर त्याला कळलं. मला त्रिकोण घेऊन पळवलं ते मला दिसू नये म्हणून, की मी लांब राहावं म्हणून? दोन्हीसाठीच असेल. आणि हात आत घातला तो ती पुरचुंडी काढायला. लोक विझवायला येतील, बॉनेट उघडतील, खण बघतील, आईला कळेल. म्हणून.

आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. माझ्या तोंडात सगळं आलं होतं. अगदी दातांपाशी.

"हो, आत्याबाई," मी म्हटलं. "म्हणूनच राहिले."

१५ मार्च, उदगीर

मल्लेशच्या गॅरेजात गेले. शटर अर्धं खाली, आत तो एकटाच पाने पुसत बसलेला. मला बघून उभा राहिला, जसा व्हरांड्यात उभा राहायचा. मी म्हटलं, मल्लेश, मला खोबऱ्याचं कळलं.

त्यानं पाना खाली ठेवला. मग सांगितलं. पहिल्या संध्याकाळी, नळी घालायच्या आधी, दादा, म्हणजे बजरंग, एवढंच बोलला होता. आईनं बांधलं होतं, मी काढायचं विसरलो. आईला कळलं तर ती जगायची नाही. तुझ्यावर आलं तर सोसशील का थोडे दिवस, मी बरा झालो की बघतो.

"मी हाव म्हटलं ताई. थोड्या दिवसांचं तर होतं."

मी विचारलं, मला तरी का नाही सांगितलंस? तो जमिनीकडं बघत म्हणाला, "दादा म्हणाला, पुनमला बिलकुल सांगू नको. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

तिथंच त्या पान्यांमध्ये बसून मी रडले. बजरंग गेल्यापासून इतकी नव्हते रडले. मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो मागं सरकला, ग्रीसचे हात वर करून. म्हणाला, ताई, असं करू नका, एवढं बोललात तेवढं पुरे झालं.

गॅरेज बंद करून हैदराबादला भावाकडं जायचं म्हणतोय. इथं काम येत नाही. मी म्हटलं, आठ दिवस थांब.

येताना एसटीत एकच विचार. मल्लेश सुटला पाहिजे आणि आत्याबाईंना कळता कामा नये. मग दोष ठेवायचा कुठं? कुठंतरी ठेवावाच लागेल, आत्याबाई तो रोज दिव्यासमोर मागतात.

१६ मार्च, लातूर

आयोजकांना फोन केला. सांगितलं की गाडी आधीच तापली होती, सुई लाल पट्ट्यात गेली होती, मी नंबराच्या नादात थांबले नाही. मेकॅनिकचा काही संबंध नाही. तसं लेखी पाठवते. वडिलांना तेच सांगितलं, आणि म्हटलं, उदगीरमध्ये सगळ्यांना सांगा. वडील म्हणाले, पुनम, हे खरं आहे का? मी म्हटलं, मी कधी काही लपवून ठेवते का?

मग संध्याकाळी आत्याबाईंनी दिवा लावला. मल्लेशचं नाव घ्यायच्या आधी मी त्यांचा हात धरला.

"त्याला काही म्हणू नका. त्याची क्लिप चांगली होती. चूक माझी आहे. गाडी तापलेली मला दिसत होती, बजरंग थांबव म्हणत होता, मी थांबवली नाही."

वात फडफडत होती, ती सारखी करायची त्यांना सुधरलं नाही.

"तुला दिसत हुतं?"

"हो."

"त्यो थांब म्हनला?"

"हो."

"आन् तू न्हाई थांबलीस."

"नाही थांबले."

त्यांनी हात सोडवून घेतला. भांडल्या नाहीत, शाप दिला नाही. मला वाटलं होतं देतील, मी तयारीत होते. उठून आत गेल्या आणि आपली लुगडी घडी घालू लागल्या. थोड्या वेळानं आतूनच म्हणाल्या, सकाळी मला मुरुडच्या गाडीत बसवून दे.

डोक्याला तेल लावायची वेळ झाली तशी मी सवयीनं बाटली घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या.

१७ मार्च

आज त्याला महिना झाला.

स्टँडवर आत्याबाईंना खिडकीची जागा मिळाली. पिशवीत धपाटे करून दिले होते, ते त्यांनी काढून शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवले. मी खिडकीखाली उभी. सात वर्षांत त्या माझ्याशी न बोलता कधी गाडीत बसल्या नव्हत्या. जपून जा, वेळेवर जेव, काहीतरी असायचंच.

गाडी सुरू झाल्यावर त्यांनी खाली बघितलं. म्हणाल्या, "म्या लेकासाठी बांधला हुता खण. देवीनं तुला ठिवलं. कशापायी ठिवलं ती जाने."

मला सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की आत्याबाई, त्या खणानंच पेटली. चार शब्द. मग त्या खाली उतरल्या असत्या, मला शोधत आल्या असत्या, माझ्या गळ्यात पडल्या असत्या आणि महिन्याभरात गेल्या असत्या. मी खिडकीच्या गजाला धरून चार पावलं गाडीबरोबर चालले आणि सोडून दिलं. गाडी मुरुडच्या रस्त्याला वळेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

घरी आले. दुपारी एकटीचं ताट वाढलं. मल्लेशचा फोन आला, सकाळी एकानं ट्रॅक्टर आणून लावला म्हणाला. मी म्हटलं, बरं झालं, क्लिप नीट आवळ.

बजरंग, तुझं हेल्मेट खुंटीला आहे. आता घरात तू म्हटलं तरी ऐकायला कोणी नाही. सगळं आतल्या आत ठेवलंय, कोणालाही सांगितलं नाही, आणि आता सांगणारही नाही. बघ, भिजला की नाही तीळ.